आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं

(स्त्रियांवरील अत्याचाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तालुका कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



'अत्याचारानंतरची वैद्यकीय मदत' या विषयावर मी बोलावं असं मला सांगण्यात आलं आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. तुमच्यासारखीच गावोगाव फिरणारी कार्यकर्ती आहे. म्हणून मी पुस्तकातल्या माहितीपासून सुरुवात करणार नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करणार आहे.

२०१६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला एक बाई आपल्या धाकट्या जावेला घेऊन माझ्या दारात आली. आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आसपास रानातून परतताना दोघांनी तिच्यावर बलात्कार केला होता. रात्रभर ती कुणाशी बोलली नव्हती. पहाटे चुलीपुढे रडताना जावेनं पाहिलं आणि माझ्याकडे आणलं.

मला काय करायचं ते पाठ होतं. अंघोळ केली नाहीस ना? कपडे धुतले नाहीस ना? कपडे कागदी पिशवीत घातले आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. तिथं नेहमीचंच. हद्द आमची नाही. लेडी कॉन्स्टेबल सुट्टीवर. साहेब बंदोबस्ताला. आम्ही हटलो नाही. रात्री साडेअकराला एफ.आय.आर. लिहून घेतला. मला तेव्हा केवढा विजय झाल्यासारखं वाटलं होतं! सोमवारी ग्रामीण रुग्णालयात गेलो, तिथं बाई डॉक्टर नव्हत्या, म्हणून सिव्हिलला पाठवलं. संध्याकाळी तपासणी झाली, नमुने घेतले, पाकिटं सीलबंद झाली. मंगळवार जबाबात आणि पंचनाम्यात गेला. बुधवारी सकाळी मी एका ओळखीच्या डॉक्टरबाईंना फोनवर सगळं सांगत होते. त्यांनी मधेच विचारलं, "एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक गोळी कधी सुरू केली?"

कुणीच सुरू केली नव्हती. कुणी नावही काढलं नव्हतं. आम्ही धावत सिव्हिलला गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि म्हणाल्या, "बहात्तर तास उलटून पंधरा तास झालेत. आता या गोळीचा उपयोग नाही."

रविवारी सकाळी ती माझ्या दारात आली तेव्हा चौदा तास झाले होते. म्हणजे पुरे अठ्ठावन्न तास माझ्या हातात होते. बसस्टँडवर ती मला म्हणाली, "ताई, तुम्हाला ठाऊक होतं का असलं औषध असतंय म्हणून?" मी म्हटलं, "नाही." ती पुढे काही बोलली नाही.

तिच्या परवानगीनं मी हे तुम्हाला सांगते आहे.

आता त्या गोळीबद्दल. एच.आय.व्ही.चा विषाणू शरीरात शिरला की लगेच कायमचा ठाण मांडतो असं नसतं. आधी तो शिरल्या जागेच्या आसपासच्या पेशींमध्ये असतो. तिथून लसिका गाठींमध्ये आणि रक्तात पसरायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. बी पेरलं तरी रुजायला वेळ लागतो, तसं. रुजण्याआधी औषध पोचलं तर त्याची वाढ तिथंच रोखता येते. म्हणून जितकं लवकर तितकं चांगलं. शक्यतो दोन तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत. नंतर २८ दिवस रोज, एकही दिवस न चुकवता. याला डॉक्टरी भाषेत 'पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस' म्हणतात. दवाखान्यात सगळे 'पेप' म्हणतात. तुम्हीही पेपच म्हणा, म्हणजे समोरच्याला तुम्हाला माहिती आहे हे कळतं.

पूर्वी यासाठी दोन-तीन प्रकारच्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागत, आणि मळमळ, अशक्तपणा यांमुळे पुष्कळ जणी मधेच सोडून देत. आता आपल्याकडे नॅकोच्या म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाला एकच गोळी असते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं तिच्यात एकत्र असतात. काही जणींना मळमळ होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही. बहुतेक वेळा ते थोड्या दिवसांत कमी होतं.

हे औषध खरंच चालतं का, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. १९९७ साली अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, इटली इथल्या, सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी झिडोव्हुडिन हे त्या वेळचं एकच औषध घेतलं होतं, त्यांच्यात लागण होण्याचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला. १९९८ साली माकडांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात टेनोफोविरच दिलं होतं. २४ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस औषध मिळालेली माकडं वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केलेल्यांपैकी, किंवा दहा दिवसांत थांबवलेल्यांपैकी काहींना लागण झाली. ७२ तास आणि २८ दिवस हे आकडे कुणाच्या लहरीनं आलेले नाहीत.

आणि घाबरवायचंही नाही. एका वेळच्या योनीसंभोगातून बाईला लागण होण्याची शक्यता, समोरचा पुरुष बाधित असला तरी, दहा हजारांत साधारण आठ इतकी असते. बाधित रक्ताची सुई टोचली तर हजारात तीन. पण बलात्कारात जखमा होतात, कधी एकाहून जास्त पुरुष असतात, कधी गुदमार्गे जबरदस्ती होते. तेव्हा हा धोका वाढतो. आणि तो पुरुष बाधित आहे की नाही हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं. आरोपी सापडेल, त्याची तपासणी होईल, मग पाहू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बाईच्या स्वतःच्या तपासणीच्या निकालासाठीसुद्धा पहिली गोळी थांबवायची नसते. रक्त घ्यावं आणि गोळी द्यावी.

आता मी जरा मागं जाते. ही माहिती माझ्यासारख्या जुन्या कार्यकर्तीला का नव्हती?

आपल्या चळवळीचा जन्म ज्या खटल्यातून झाला तो मथुरेचा. १९७२ साली पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. १९७९ साली चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या लढ्यातून आपण शिकलो की पुरावा महत्त्वाचा. कपडे जपा, तक्रार लगेच नोंदवा, वैद्यकीय तपासणी करून घ्या. हे सगळं बरोबरच होतं. पण हळूहळू आपणही तिच्या शरीराकडे पुराव्याचं गाठोडं म्हणून पाहू लागलो. दवाखाना म्हणजे नमुने घेण्याची जागा झाला. त्या शरीराला उपचार लागतात, तिला गर्भ राहू शकतो, आजार लागू शकतो, हे आपल्या यादीत सगळ्यात शेवटी गेलं. पोलिसांनी असं वागावं यात नवल नाही. मी तशी वागले याचं मला वाईट वाटतं.

दुसरी एक गोष्टही मला उशिरा कळली. हे औषध आलं तेव्हा ते कुणासाठी आलं? डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी. सुई टोचली की ड्युटीवरच्या डॉक्टरला तासाभरात गोळी मिळायची. त्याच वॉर्डातला कचरा उचलणाऱ्या मावशींना सुई टोचली तर त्या ती जागा नळाखाली धरायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. आणि बलात्कार झालेल्या बाईचं तर नावच नव्हतं. गोळी तीच, पण तिच्यापर्यंत पोचायला बाईला फार वर्षं लागली.

दक्षिण आफ्रिकेत तर बायकांना यासाठी सरकारशी भांडावं लागलं. १९९९ साली शार्लिन स्मिथ या पत्रकार बाईवर घरात घुसून बलात्कार झाला. गोळ्या मिळवण्यासाठी तिला दवाखान्या-दवाखान्यांतून भांडावं लागलं. तिनं स्वतःच्या नावानिशी वर्तमानपत्रात हे लिहिलं, आणि प्रत्येक बाईला ही औषधं सरकारी दवाखान्यात मिळाली पाहिजेत अशी मागणी केली. तेव्हाचं तिथलं सरकार या औषधांच्याच विरोधात होतं. मपुमलंगा प्रांतात 'ग्रिप' नावाच्या संस्थेच्या स्वयंसेविका सरकारी रुग्णालयात बसून अत्याचारित बायकांना ही औषधं मिळवून देत. प्रांताच्या आरोग्यमंत्रीणबाईंनी त्यांना रुग्णालयाबाहेर काढायचा प्रयत्न केला, आणि त्यांना जागा देणाऱ्या अधीक्षकांना नोकरीवरून काढलं. तरी बायका मागे हटल्या नाहीत. एप्रिल २००२ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला धोरण बदलावं लागलं, आणि २००७च्या कायद्यात हा हक्क लिहिला गेला. ७२ तासांच्या आत पोलिसांत तक्रार दिली किंवा ठरवून दिलेल्या दवाखान्यात घटना सांगितली, तर सरकारी खर्चानं औषध मिळतं.

आपल्याकडे काय आहे? कागदावर पुष्कळ आहे. २०१३च्या कायद्यानं फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७ सी हे कलम आलं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९७वं कलम आहे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्तीला सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं ताबडतोब आणि मोफत उपचार दिलेच पाहिजेत. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बाई थेट दवाखान्यात आली तरी तपासणी आणि उपचार करायचे, पोलिसांची चिठ्ठी मागायची नाही. सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल तर तिचा नकार लिहून घ्यायचा, पण उपचार द्यायचेच. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण तिथंही उपचारासाठी कुठलाही कागद अडून राहता कामा नये.

म्हणजे 'आधी दवाखाना' म्हटल्यानं केस कच्ची होत नाही. उलट नमुने लवकर घेतले जातात. पोलीस दवाखान्यात येऊन जबाब घेऊ शकतात. गोळी मात्र ठाण्यात येऊ शकत नाही.

आणि कामगार बायकांसाठी २०१७चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. त्याच्या १९व्या कलमात म्हटलंय की जिथं कामामुळे लागणीचा धोका आहे, त्या आस्थापनेनं काम करणाऱ्या सर्वांना पेप दिलं पाहिजे. सर्वांना म्हणजे कायम, रोजंदारी, कंत्राटी सगळ्यांना. आमच्या भागात एका खाजगी दवाखान्यात सफाई करणाऱ्या बाईला काळ्या पिशवीतून सुई टोचली. मुकादम म्हणाला, "तू ठेकेदाराची माणूस, दवाखान्याचा काय संबंध?" या वेळी आम्हाला माहिती होती. कायद्याची छापील प्रत दाखवली आणि तिला चार तासांच्या आत सिव्हिलमध्ये पहिली गोळी मिळाली. सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवायची. पिळायची नाही, तोंडात धरायची नाही.

आता कायदा असूनही अडतं कुठं ते सांगते, कारण तुम्हाला तिथंच उभं राहायचं आहे.

पहिली अडचण कपाटाची. एकदा शनिवारी रात्री आम्ही एका मुलीला घेऊन कॅज्युअल्टीला गेलो. ड्युटीवरचे डॉक्टर चांगले होते. पण गोळ्या ए.आर.टी. केंद्राच्या कपाटात, केंद्र सोमवारी उघडणार, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या सिस्टर लग्नाला गावी गेलेल्या. शेवटी वरिष्ठांना रात्री दीड वाजता उठवलं तेव्हा कुलूप उघडलं. म्हणून नुसतं "गोळ्या आहेत का?" असं विचारू नका. "रात्री आणि रविवारी कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" असं विचारा.

दुसरी अडचण घरची. अठ्ठावीस दिवस रोज गोळी घ्यायची, तीही सासू-सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या नजरेसमोर. "कसली गोळी?" याला उत्तर काय? आणि डबीवरचं नाव कुणी वाचलं की "हिला एड्स झालाय" असं गावभर. आमच्या एका बाईची डबी बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे वहीच्या पिशवीत होती. ती रोज संध्याकाळी पिठाचं निमित्त काढून जायची. गोळी मिळवून दिली म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. अठ्ठावीस दिवस कुणीतरी रोज तिची चौकशी करणं हे गटाचं काम आहे.

तिसरी, छोटी पण महत्त्वाची. आपल्या बायका लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेतात. त्या या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेतल्या तर औषध नीट लागू पडत नाही. पेपची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. टी.बी.चं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असेल तरी सांगावं. पण त्या कारणानं पेप नाकारायचं नसतं.

चौथी, नवऱ्याची. पुढच्या तपासण्या दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी होतात. निकाल येईपर्यंत निरोध वापरा असं दवाखान्यात सांगतात. ज्या बाईनं घरी काहीच सांगितलेलं नाही, तिनं हे कसं जमवायचं? माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. दर वेळी तिच्याबरोबर बसून तिच्या घराप्रमाणे वाट काढावी लागते.

मघाशी चहाच्या वेळी एका मैत्रिणीनं विचारलं, "नवराच बाहेरून येऊन जबरदस्ती करत असेल तर?" आपला कायदा नवऱ्याच्या बलात्काराला अजूनही बलात्कार म्हणत नाही. पण औषधाला लग्नाचा दाखला लागत नाही. नवरा बाधित आहे किंवा तसा दाट संशय आहे, आणि त्यानं जबरदस्ती केली, तर तीसुद्धा ७२ तासांत दवाखान्यात जाऊन पेप मागू शकते. मात्र ज्या बाईवर हे वारंवार येतं तिला दर वेळी अठ्ठावीस दिवसांची गोळी हा उपाय नाही. तिथं नवऱ्याची तपासणी, त्याचे उपचार, आणि तिचा त्या घरात राहायचं की नाही हा निर्णय, असं सगळंच बोलावं लागतं.

दवाखान्यात एकट्या पेपवर थांबू नका. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी, तीही लवकरात लवकर. कावीळ बी ची तपासणी आणि लस. इतर गुप्तरोगांवरची औषधं. धनुर्वाताचं इंजेक्शन. जखमांवर उपचार. आणि मन मोकळं करायला जागा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' आणि महापालिकेनं २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याच विचारानं, की अत्याचारित बाईसाठी दवाखाना ही आधाराची जागा असली पाहिजे.

आता कामाचं. परत गेल्यावर पंधरा दिवसांत प्रत्येक तालुक्याच्या गटानं आपल्या ग्रामीण रुग्णालयात आणि सिव्हिलमध्ये जाऊन पाच प्रश्न विचारायचे. पेपच्या गोळ्या आत्ता शिल्लक आहेत का? त्यांची मुदत कधी संपते? रात्री किल्ली कुणाकडे? ड्युटीवरच्या डॉक्टरांना ७२ तासांचा नियम माहीत आहे का? गोळ्या नसतील तर गाडी करून कुठं पाठवता, आणि त्या गाडीचे पैसे कोण देतं? उत्तरं लिहून आणा. ज्या ठिकाणी नाही, तिथं जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यायचं. १०९७ हा नॅकोचा मोफत फोन आणि १८१ ही महिला हेल्पलाइन, हे दोन्ही नंबर अंगणवाडीच्या आणि आशाताईंच्या वहीत लिहून द्या. आपल्या माहितीपत्रकात 'तक्रार कशी नोंदवाल' हे पहिलं पान आहे. ते आता दुसरं करायचं. पहिल्या पानावर दवाखाना.

त्या बाईचं काय झालं, हे तुम्हाला विचारायचं असेल. दीड महिना, तीन महिने, सहा महिने, तिन्ही तपासण्या चांगल्या आल्या. तिला लागण झालेली नाही. पण त्या सहा महिन्यांत तिनं आपलं ताट-वाटी वेगळी केली होती. असं पसरत नाही हे मी किती वेळा सांगितलं, तरी ती धाकट्या मुलाला जवळ झोपू देत नव्हती. ती वाचली ती नशिबानं. माझ्यामुळे नाही. पुढच्या बाईला नशिबावर सोडायचं नसेल, तर ती आपल्या दारात येईल तेव्हा पहिला प्रश्न "तक्रार द्यायची का?" हा नसावा. "किती तास झाले?" हा असावा. आणि उत्तर ऐकता ऐकता चपला पायात घालाव्यात.